पावसाळ्यानंतर सिलिंडर अडकतो? रिव्हॉल्वर खोलण्याआधी हे तपासा

दर वर्षी चवथ झाली की आमच्या दुकानात तीच तक्रार येते. गोव्यातल्या फोंड्यात शस्त्रदुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे, तिथल्या कामाच्या टेबलावर मी इतकी वर्षं बसतोय की गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच ओळखतो. रुमालात गुंडाळलेलं जुनं रिव्हॉल्वर, चेहऱ्यावर थोडी शरम, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "काही केलं नाही बघा, नुसतं कपाटात होतं."

खरंच काही केलेलं नसतं, आणि दोष तोच. जूनपासून चार महिने आपल्याकडे हवा ओली असते, किनाऱ्याकडच्या घरांत तिच्यात मीठही असतं. मार्चमध्ये लावलेलं तेल सप्टेंबरात गोंद होतं, त्यात जुनी काजळी मिसळते आणि फिरणारा प्रत्येक भाग जड होतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अडकलेल्या सिलिंडरांना दुरुस्ती लागतच नाही. माडाच्या हिराची एक काडी आणि अर्धा तास, एवढ्यावर काम होतं. खरी दुरुस्ती लागते ती घरी नको तितकं खोलून ठेवलेल्यांना. म्हणून ही क्रमवारी. वरून खाली एकेक पायरी उतरा, आणि जिथे सिलिंडर सुटेल तिथेच थांबा.

आधी कागद, मग काडतुसं

रिव्हॉल्वर तुमच्या नावाच्या परवान्यावर असेल तरच पुढचं वाचा. गोव्यातल्या जुन्या घरांत पेटाऱ्याच्या तळाशी आजोबांचं रिव्हॉल्वर सापडणं नवलाचं नाही, काही तर पोर्तुगीज अमदानीतली असतात. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली की ते शस्त्र घरात ठेवणं बेकायदा होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. नावावर करून घ्यायचा अर्ज त्यानंतर. "आधी जरा पुसून घेतो" म्हणत आठवडा काढू नका. गंज थांबेल, कायदा थांबणार नाही.

आता रिकामं करणं. नळी भिंतीकडे, जाड चिऱ्याच्या भिंतीकडे. सिलिंडर उघडा, काडतुसं काढा, मोजा, दुसऱ्या खोलीत नेऊन कुलपात ठेवा. परत येऊन सिलिंडरच्या प्रत्येक घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, करंगळीचं टोक घालून बघा. डोळ्यांवर भरवसा नको, काळवंडलेल्या घरात काळवंडलेलं काडतूस दिसत नाही. सिलिंडर इतका अडकलाय की उघडतच नाही आणि आत काडतुसं आहेत, असं असेल तर इथेच थांबा. नळी सुरक्षित दिशेला ठेवून ते कुलपात ठेवा आणि दुकानदाराला फोन करा. ठोकायचं नाही, तेल ओतून हिसकायचं नाही.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा:

– घोडा (मागचा, अंगठ्याने ओढायचा भाग) ओढताना सिलिंडर जड फिरतो, एखाद्या घरापाशी अडतो, मग सुटतो.
– रिकामा असताना नीट फिरतो, भरला की अडतो.
– सिलिंडर बंदच होत नाही, किंवा बंद करायला अंगठ्याचा जोर लागतो.
– बंद होतो पण परत उघडत नाही.
– चाप दाबल्यावर पुढे परत येत नाही, किंवा आळसावल्यासारखा येतो.
– घोडा पडतो, पण जीव नसल्यासारखा.
– सिलिंडर फिरतो, पण घर नळीसमोर येऊन कुलूपबंद होत नाही, हलतं राहतं.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं वाचायचीही गरज नाही, थेट दुरुस्तीवाल्याकडे जा. कारण पुढे येईलच.

पैसे न लागणारी पहिली तपासणी: दोष बंदुकीचा की काडतुसांचा?

रिकामा सिलिंडर बंद करून घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढा, आणि अंगठ्याने धरूनच पुढे सोडा. सगळी घरं फिरवा. मोकळं फिरलं तर रिव्हॉल्वर बरंचसं निर्दोष आहे, संशय काडतुसांवर.

भरलेलं रिव्हॉल्वर घरात फिरवून बघायचं नाही. हे मी गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो, तुम्हीही दोनदा वाचा. त्याऐवजी काडतुसंच तपासा. टेबलावर काच असेल तर एकेक काडतूस बुडावर उभं करा. चांगलं काडतूस स्थिर उभं राहतं. बुडाची टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारी, जराशी वर आलेली असेल तर ते डुलतं. ती वर आलेली टोपी सिलिंडरमागच्या पाठपट्टीला घासते आणि चक्र अडतं. असं काडतूस वापरायचं नाही, दाबून बसवायचं तर मुळीच नाही. विक्रेत्याकडे परत.

पितळेवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर दोष कातड्याच्या म्यानाचा. कमावलेल्या कातड्यातली रसायनं आणि ओलावा पितळेला खातात. हिरवं धरलेलं काडतूस घरात पुरतं जात नाही, मग सिलिंडर बंद होत नाही. काडतुसांना तेल लावून ती "सरकवायची" युक्ती काही जण सांगतात. लावू नका. तेल टोपीतून आत झिरपून दारू मारतं आणि नेमक्या वेळी फुसका बार होतो.

चांदणीखालची मळी

उघडणाऱ्या सिलिंडरच्या मागे, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दातेरी तुकडा असतो. दुकानात आम्ही त्याला चांदणी म्हणतो. दांडा दाबला की चांदणी वर उठते. तिच्याखाली सिलिंडरमध्ये तिच्याच आकाराची खाच असते.

अडकलेलं रिव्हॉल्वर हातात आलं की मी आधी इथे बघतो, आणि बहुतेक वेळा दुसरीकडे बघावं लागत नाही. न जळलेल्या दारूचा एक कण, मोहरीच्या सालीएवढा, त्या खाचेत पडतो. चांदणी त्याच्यावर बसते आणि केसभर वर राहते. केसभर म्हणजे खरंच केसभर. पण पाठपट्टी आणि चांदणी यांच्यात मुळात जागाच तेवढी असते, त्यामुळे सिलिंडर घासायला लागतो. त्या कणावर पावसाळ्यातलं चिकट तेल बसलं की तो खाचेलाच चिकटून राहतो, झटकून जात नाही.

करायचं असं. नळी आभाळाकडे धरून पुंगळ्या टाका, म्हणजे कचरा खाली पडेल, चांदणीखाली शिरणार नाही. ही सवय लागली तर अर्धं दुखणं कायमचं गेलं. मग दांडा दाबून चांदणी वर धरा. माडाच्या हिराचं टोक चाकूने तिरकं कापा, त्याला थोडं पांढरं रॉकेल किंवा बंदूक साफ करायचं द्रावण लावा, आणि खाचेचा प्रत्येक कोपरा खरवडा. हीर पोलादाला ओरखडा काढत नाही, आणि बोथट झाला तर नवा केरसुणीतून फुकट. सुई, टाचणी, खिळा वापरू नका. चांदणीच्या पोटाकडची बाजू आणि दांडाही जुन्या गंजिफ्राकाच्या तुकड्याने पुसा. शेवटी कोरडं फडकं. चांदणीखाली तेल ठेवायचंच नाही, ठेवलं तर पुढच्या बाराचा कण तिथेच चिकटणार.

रॉकेल आणि द्रावण दोन्ही पेट घेतात. बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या उघड्या ओट्यावर बसून काम करा, देव्हाऱ्यातल्या समईपासून लांब. आणि मळीत शिसं असतं, तेव्हा स्वयंपाकघरातली बशी घेऊ नका, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, मगच चहा.

दांडा सैल झालाय का

"बंद झालं, आता उघडत नाही" ही तक्रार बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरवाल्यांची. त्यांच्यात चांदणीचा दांडा आट्यांवर बसलेला असतो. सैल झाला की तो पुढे सरकतो आणि नळीखालच्या खिट्टीत अडकतो. दांड्याचं टोक धरून हलकेच फिरवून बघा. फिरला तर हाच दोष.

घट्ट बोटांनीच करा, पक्कड लावून नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, काही घडणींत आटे उजवे, काहींत डावे असतात, त्यामुळे कोणत्या बाजूने घट्ट होतंय ते बघूनच जोर लावा. दुसरं, घट्ट करताना समोरासमोरच्या दोन घरांत रिकाम्या पुंगळ्या घाला. त्यांनी चांदणीला आधार मिळतो, नाहीतर पीळ तिच्या बारीक खुंट्यांवर येतो. त्या वाकल्या की चांदणी पुन्हा सरळ बसत नाही. बोटांनी घट्ट होऊन परत परत सैल होत असेल तर दुकानात आणा.

वरून मोडून उघडणाऱ्या घडणीत, म्हणजे नळी खाली झुकवून उघडतात त्यांत, हा दोष वेगळ्या रूपात येतो. आपल्याकडे सर्रास दिसणारी कानपूरच्या सरकारी कारखान्याची बत्तीस बोअर त्याच जातीची, वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्वरच्या वळणावर बेतलेली. तिथे चांदणी उघडतानाच आपोआप उठते आणि खाली पडते. पूर्ण खाली पडत नसेल तर मळीच समजा, वरचाच हीर चालवा.

सिलिंडरचं तोंड

सिलिंडरचं पुढचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यात फट असते, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. झेरॉक्सचा साधा कागद जवळपास ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. रिकामं रिव्हॉल्वर बंद करून प्रत्येक घरापाशी कागदाची पट्टी फटीत सरकवा. एका बाजूला सरकली आणि दुसऱ्या बाजूला अडली, तर तोंडावर काजळी आणि शिशाचा थर आहे. ब्राँझच्या तारांचा छोटा ब्रश, द्रावण, पंधरा मिनिटं मुरू द्या, मग घासा. तोंडावर राहिलेले काळे डाग दिसायला वाईट, कामाला निरुपद्रवी. ते घालवायला सॅन्डपेपर घेणारे लोक मला माहीत आहेत. सॅन्डपेपरने फट वाढते, आणि वाढलेली फट परत कमी होत नाही.

सगळं साफ करूनही पट्टी एकाच घरापाशी अडत असेल तर दांडा किंवा सिलिंडर ज्यावर बाजूला झुलतो ती कमान वाकलेली असू शकते. ते घरचं काम नव्हे.

घरं आणि नळी

ब्रश शक्यतो मागून घाला. पुढून घालावाच लागला तर नळीच्या तोंडाला काठी घासू देऊ नका, नेम त्या कडेवर असतो. घरांच्या आत, पुंगळीचं टोक जिथे संपतं तिथे काजळीचं कडं धरतं. त्यामुळे काडतूस शेवटचे दोन मिलिमीटर जात नाही. ब्रश तिथे फिरवत फिरवत न्या.

जुनी काडतुसं वापरली असतील तर एक गोष्ट वेगळी करा. पूर्वीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे राहतं ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचंच भावंड. ते तेलात विरघळत नाही. तुम्ही वरून कितीही तेल फासा, खाली मीठ बसून हवेतलं पाणी ओढत राहतं, आणि आपल्या हवेत पाण्याला काय तोटा. महिन्याभरात नळीत लाल. अशी काडतुसं उडवली असतील तर सिलिंडर काढून, आणि नळीला फडक्याने, आधी कढत साबणाचं पाणी, मग पूर्ण कोरडं, मग तेल. पाण्याला घाबरू नका. कढत पाणी पोलाद तापवतं आणि स्वतःच उडून जातं, गार पाणी मात्र सांदीत राहतं.

निकेलचा पांढरा मुलामा असलेल्या रिव्हॉल्वरला अमोनियाचं द्रावण लावू नका. मुलाम्याखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, एखाद्या चिरेतून अमोनिया आत गेला की तो थर खातो आणि निकेल पापुद्र्यासारखं सुटतं.

गंजाबद्दल. वरवरचा लाल गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सर्वांत बारीक, चार शून्यांच्या स्टीलवूलने तेलातच हलक्या हाताने फिरवा. व्हिनेगर, लिंबू, बाजारातलं गंज घालवायचं पाणी यांनी गंज जातो खरा, पण त्याबरोबर निळा मुलामाही जातो. मग उघडं पोलाद पुढच्या पावसात दुप्पट वेगाने गंजतं.

आतलं तेल: न उघडता धुणं

इथपर्यंत सगळं करूनही चाप आळशी, घोडा निर्जीव? मग आतलं तेल मेलंय. आणि दहात सात वेळा ते खोबरेल असतं.

खोबरेलावर आपला जीव. केसांना, भाजीला, दाराच्या बिजागरीला तेच. पण खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या पहाटे सत्तरी तालुक्यात बाटलीतलं तेल पांढरं झालेलं तुम्ही बघितलंय, तेच घोड्याच्या स्प्रिंगभोवती होतं. शिवाय ते खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं. रिव्हॉल्वरला शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल द्या. एक छोटी बाटली दोन वर्षं पुरते. पाणी हटवणारे स्प्रे भिजलेल्या वस्तूवर लगेच मारायला ठीक, पण तेच तेल समजून वर्षभर ठेवलं की पिवळी साय धरते.

धुवायची रीत. आधी मुठीच्या फळ्या काढा. एकच स्क्रू असतो, पण त्या एका स्क्रूवर लोक किती अत्याचार करतात! बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतींची असते. आपल्या घरातला स्क्रूड्रायव्हर टोकाकडे पाचरीसारखा निमुळता असतो. तो खाचेच्या वरच्या कडांनाच टेकतो, जोर आला की वर चढतो आणि कडा फाडतो. खाचेत तळापर्यंत आणि पूर्ण लांबीभर बसणारं पातं हवं. नसेल तर जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक कानसीने सरळ करा. फळी पाचर घालून उचकटायची नाही. स्क्रू अर्धा सैल करून त्याच्या डोक्यावर हलकेच दाबा, पलीकडची फळी सुटते. मग तिच्या जागेतून बोट घालून अलीकडची फळी ढकला. जुन्या काळ्या फळ्या कडक रबराच्या असतात आणि वयाने बिस्किटासारख्या ठिसूळ होतात.

फळ्या निघाल्या की रिव्हॉल्वर बशीवर उलटं धरून, घोड्याच्या फटीतून आणि चापाच्या फटीतून पांढरं रॉकेल पिचकारीने सोडा. घोडा अंगठ्याने धरून मागे-पुढे करा, वीसेक वेळा. बशीत आधी चहासारखं, मग कॉफीसारखं, मग परत चहासारखं पाणी उतरेल. स्वच्छ उतरेपर्यंत करा. रात्रभर मूठ खाली करून निथळत ठेवा. सकाळी दोन्ही फटींत सुईच्या टोकावरून एकेक थेंब तेल, बस. तेल जास्त घातलं तर पुढच्या वर्षी तुम्ही परत येणार.

हे धुणं म्हणजे माझ्या धंद्यावर मीच आणलेली गदा आहे. पण याने सुटलेली रिव्हॉल्वरं आतून उघडायची वेळ येत नाही, आणि तेच बरं.

सिलिंडर काढणं आणि परत बसवणं

घरच्या घरी खोलायची हद्द माझ्या मते इथपर्यंत. काही जण याच्या पुढे जातात आणि काहींचं नीट परत बसतंही. ते लोक हा लेख वाचत नाहीत.

मोडून उघडणाऱ्या घडणीत नळीच्या डाव्या अंगाला रुंद खाचेचा मोठा स्क्रू दिसतो, कित्येकांत नाणं बसेल एवढा. तो सोडला, सिलिंडर धरून ठेवणारी खिट्टी बाजूला केली की उघड्या अवस्थेत सिलिंडर वर उचलून निघतो. बाजूला उघडणाऱ्या घडणीत चौकटीच्या उजव्या अंगाला, सगळ्यांत पुढचा स्क्रू कमान धरून ठेवतो. तो काढला की उघडा सिलिंडर कमानीसकट पुढे सरकतो. काढताना सिलिंडरखाली हात ठेवा, निसटला की सरळ लादीवर.

काढलेला प्रत्येक स्क्रू थर्माकोलच्या तुकड्यावर, रिव्हॉल्वरचा आकार काढून त्याच्या जागी खोचा. सगळे स्क्रू सारखे दिसतात आणि सारखे नसतात. कमानीचा स्क्रू त्याच कमानीसाठी घासून बसवलेला असतो, त्याच्या जागी मागचा गेला तर एक तर कमान जड होते, नाही तर सिलिंडर पुढेमागे डुलतो. मोबाइलने फोटो काढा, पण फोटोत लांबी कळत नाही. थर्माकोल खोटं बोलत नाही.

बसवताना उलटा क्रम. दांड्यावर आणि कमानीच्या नळकांडीवर तेलाचा हात नुसता फिरवा. स्क्रू आधी उलटा फिरवा, आटा "टक" करून खाली बसला की मग सरळ. असं केलं तर आटे तिरके चढत नाहीत. घट्ट करायचं तेही दोन बोटांच्या जोराने. मनगट लावायचं नाही.

मग परीक्षा. घोडा सावकाश ओढा, कान द्या. प्रत्येक घरापाशी घोडा पूर्ण मागे जाण्याआधी किंवा जाता जाता सिलिंडर कुलूपबंद झाल्याचा आवाज आला पाहिजे. सगळ्या घरांचे आवाज सारखे हवेत. रिकामा घोडा चाप दाबून फटाफट पाडू नका, जुन्या घोड्याच्या नाकाला तडा जातो. अंगठ्याने उतरवा.

बाजूचं झाकण

तीन वर्षांपूर्वी डिचोलीकडचे एक काका श्रीखंडाचा डबा घेऊन आले. उघडला तर आत रिव्हॉल्वर, सुट्टं.

"काका, हे कोणी उघडलं?"

"मीच रे. यूट्यूबवर बघून. निघालं सगळं, परत बसेना."

बाजूचं झाकण त्यांनी स्क्रूड्रायव्हरने उचकटलेलं होतं. ते झाकण चौकटीत इतकं तंतोतंत बसवलेलं असतं की नव्या बंदुकीवर सांध्याची रेघ शोधावी लागते. उचकटलं की कड मुडपते आणि पुन्हा कधी सपाट बसत नाही. मग आतले भाग एका बाजूला कलतात, चाप घासतो. हे झाकण काढायचं असतं ते स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने टिचक्या मारून, थरथरीने स्वतःहून वर येईल असं. आणि ते वर येतं तेव्हा खाली एक दाबलेली स्प्रिंग तुमची वाट बघत असते. काकांची ती स्प्रिंग कपाटाखाली गेली ती मिळालीच नाही. जुन्या परदेशी घडणीची, तिचे सुटे भाग बाजारात नाहीत. हाताने नवी घडवावी लागली, दोन महिने गेले. मूळ दुखणं काय होतं म्हणाल, तर चांदणीखालचा कण. तो अजून तिथेच होता.

तेव्हा झाकण, घोड्याची मुख्य स्प्रिंग, चापाची स्प्रिंग, यांना हात नको. आतला भाग घासणं, बदलणं, नवा बसवणं ही दुरुस्ती, आणि कलम ५ प्रमाणे धंदा म्हणून ती करायला वेगळा परवाना लागतो. शेजारचा मोटारसायकलवाला कितीही हुशार असो, त्याच्याकडे तो नसतो.

इथे थांबा, दुरुस्तीवाल्याकडे जा

घोडा पूर्ण मागे असताना सिलिंडर बोटाने हलवल्यावर स्पष्ट डुलत असेल किंवा एखाद्या घरापाशी कुलूपच होत नसेल तर थांबा. घर नळीच्या सरळ रेषेत नसताना बार झाला तर गोळी नळीच्या कडेला आपटते, शिशाचे तुकडे बाजूने उडतात. शेजारी उभा असलेल्याच्या डोळ्यात.

मागे ओढलेला घोडा, चापाला हात न लावता, अंगठ्याने मागून बेताने ढकलल्यावर पडत असेल तर थांबा. त्याचा अडकवा झिजलाय, ते रिव्हॉल्वर हातातून पडलं तरी सुटेल.

नळीत प्रकाश धरून बघताना मध्ये काळं कडं किंवा बाहेरून बोटाला फुगवटा लागत असेल, सिलिंडरच्या भिंतीला केसासारखी चीर दिसत असेल, मोडून उघडणाऱ्या घडणीत वरची कडी बंद केल्यावरही नळी खिळखिळत असेल, तर थांबा. यांतलं काहीही तेलाने बरं होत नाही.

आणि बार करताना आवाज नेहमीपेक्षा बारीक, "फुस्स" असा आला तर दुसऱ्यांदा चाप दाबायचाच नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, मागून दुसरी आली की नळी फुटते. आवाजच आला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून पूर्ण मिनिटभर थांबा, मग उघडा. कधी कधी दारू उशिरा पेटते.

ठेवायचं कसं

कातड्याच्या म्यानात नाही, हे पुन्हा सांगतो. म्यान मिरवायला, ठेवायला तेलाचा हात फिरवलेलं सुती फडकं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा बाहेर काढून पुसा. पुसल्यावर उघड्या हाताने धरू नका, घामाच्या बोटांचे ठसे चार दिवसांत गंजाने उमटतात.

निवडणुकीत जमा करावं लागलं तर जमा करण्याच्या आदल्या रात्री नेहमीपेक्षा जाड तेल द्या. २०२४ ला लोकसभेचं आपलं मतदान ७ मे रोजी झालं, निकाल ४ जूनला. बऱ्याच जणांची शस्त्रं परत आली तोवर पाऊस दारात होता, आणि त्या जूनमध्ये माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी कोरडी जमा केली होती ती सगळी लाल. परत मिळाल्या दिवशीच साफ करा, रविवारची वाट बघू नका.

दुकानात आणताना परवान्याची मूळ प्रत हवी. परवानाधारक स्वतः आला तर उत्तम. येऊ शकत नसेल तर कलम ३ प्रमाणे त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी आणू शकतो. तोंडी निरोप, फोनवर बोलणं चालत नाही, मग मुलगा असो की जावई. रिव्हॉल्वर रिकामं आणा, काडतुसं घरी कुलपात ठेवून. आणि काही खोललं असेल तर सगळे तुकडे आणा, मोडलेला स्क्रूसुद्धा. त्याच्या आट्यांवरून नवा काढता येतो.